दुपारी दीडची हवा

जगातले निम्मे गैरसमज लाऊडस्पीकरच्या डब्यात ट्विटर दीड इंच पुढे बसवल्यामुळे होतात, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला आजवर भेटला आणि तो नेमका माझा साडू निघाला. बायको पाहून पसंत करता येते, सासऱ्यांची चौकशी करता येते, मेहुणे कसे आहेत ते मांडवात कळतं. साडूची मात्र चौकशी कुणी करत नाही. तो बायकोबरोबर आपोआप येतो आणि जन्मभर आपल्या ताटाशेजारी ताट मांडून बसतो. माझं लग्न शिंदखेड्याला झालं. सगळं वऱ्हाड पंगतीला बसलेलं असताना हा गृहस्थ मांडवाच्या कडेला सुतळी ताणून उभा होता. सुतळीचं एक टोक स्पीकरला आणि दुसरं आमच्या एका चुलत आजोबांच्या कानाला. आजोबांना वाटलं हा मुलीकडचा काही रिवाज असेल, म्हणून ते बिचारे मान वाकडी करून निमूट बसून होते. शेवटी साउंडवाला आला, सुतळीकडे पाहिलं, साडूंकडे पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, आधी जेवी ल्या." साडू जेवले नाहीत. निघताना माझ्याजवळ येऊन त्यांनी नव्या नवरदेवाला पहिलं वाक्य ऐकवलं ते असं: "तुमना लगीनमा बठ्ठा आवाज दोनदा उना, साडूभाऊ." मी नवीन जावई होतो. सासरचं माणूस बोललं की हो म्हणायचं एवढंच मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "हो, मलाही तो दोनदा आल्यासारखा वाटला." पुढे जे काही झालं त्याची सुरुवात या एका वाक्यापासून आहे.

त्यांचा विषय समजल्याशिवाय माणूस समजायचा नाही, म्हणून तो थोडक्यात सांगतो. साडूंनी स्वतः तो कधी थोडक्यात सांगितला नाही. स्पीकरच्या डब्यात दोन तोंडं असतात. मोठं ते वूफर, जाड आवाजाचं. छोटं ते ट्विटर, बारीक आवाजाचं. कुठलाही आवाज या दोघांत वाटून दिलेला असतो. माणूस 'पाटी' म्हणाला, तर त्यातला फुटणारा 'प' आणि टोकदार 'ट' मुख्यतः ट्विटर आणतो, आणि 'आ'-'ई' ओढत आणण्याचं काम वूफरचं. दोघं एकाच फळीवर बसवलेले दिसतात खरे, पण वूफर खोलगट असतो, त्याचा आवाज दीड इंच आतून निघतो. म्हणजे बारीक आवाज आधी पोहोचतो आणि जाड आवाज मागून. किती मागून, तर एका सेकंदाचे दहा हजार तुकडे केले तर त्यातला एखादा तुकडा. "एकाच घरमाईन दोन भाऊ बाजारले निंघनात," साडू सांगत, "एक ओटावरून निंघना, एक चुल्हाजोडून. दोन्हीस्ले सोबत पोचाडनं शे. मंग ओटावरलाले मांगे सरकावनं पडी का नही?" समोरच्याने हो म्हटलं की ते खूश होत, आणि नाही म्हटलं की पुन्हा दोघा भावांना घरात घेऊन पहिल्यापासून सुरुवात करत. म्हणून धुळ्यात त्यांच्या गल्लीतले सगळेच हो म्हणत.

ओट्यावरच्या भावाला मागे सरकवायचं म्हणजे ट्विटर आत घ्यायचा. त्यामुळे साडूंच्या डब्यांना समोरून पायरी असे; खाली वूफर पुढे, वर ट्विटर आत. तो नेमका किती आत हे ठरवण्यात त्यांची हयात गेली. पूर्वी त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. पुढे लोकांनी रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करणं सोडून दिलं, मग दुकानात नुसते डबे राहिले. ट्विटरची फळी मागे ढकलायला पाचरी म्हणून ते जुन्या लग्नपत्रिका वापरत. एक पत्रिका सारली की ट्विटर एका पत्रिकेइतका मागे जाई. नात्यागोत्यात कुणाचंही लग्न निघालं की साडू पत्रिकेचा जाडपणा चिमटीत धरून बघत आणि त्यावरून मुलीच्या बापाबद्दल मत बनवत. लग्नाला जात नसत. पत्रिका मात्र जपून ठेवत. माझ्या लग्नाची पत्रिका त्यांच्या मते अठरा वर्षांतली सर्वांत सरळ पत्रिका होती. ती त्यांनी कुठल्याही डब्यात न वापरता माप म्हणून वेगळी ठेवली होती. माझ्या लग्नाबद्दल कुणी काढलेले एवढेच गौरवोद्गार मला आठवतात.

आणि जुळलं की नाही हे तपासायला गाणं नाही, भाषण नाही, तर अडकित्ता. त्यांची बायको, म्हणजे माझी मोठी मेहुणी, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, जेवणानंतर उंबऱ्यात बसून सुपारी कातरते. तो 'कट्' साडूंनी फार पूर्वी कॅसेटवर घेतला होता, पुढे मोबाइलमध्ये आणला. एका पाठोपाठ एक चाळीस सुपाऱ्या. "अडकित्ता खोटं बोलत नही," ते म्हणत. "गानामा लपाडता येस. याम्हा नही." डबा जुळलेला असेल तर एकच 'कट्' येतो, कोरडा आणि सरळ. जुळलेला नसेल तर कडेने जरा फुटतो, 'कटत्' असा. निदान साडूंना तसा ऐकू येई. अक्कांचं म्हणणं वेगळं होतं. त्या म्हणत, "तीस वरीस व्हयनात, मनी सुपारी ऐकतस. मी काय बोलस ते एक दिवस ऐकं नही."

आता यात माझा संबंध कुठे आला, तर त्यांचा असा सिद्धांत होता की बनवणाऱ्याचा कान लबाड असतो. त्याला जे ऐकायचं असतं तेच ऐकू येतं. तेव्हा त्रयस्थाचा कान पाहिजे, आणि त्रयस्थ म्हणजे मी. कारण लग्नाच्या दिवशी आवाज दोनदा आल्याचं ज्याला कळलं असा सगळ्या वऱ्हाडात मी एकटा. मी जळगावला शाळेत भूगोल शिकवत होतो. सुटी लागली की बायको धुळ्याला बहिणीकडे निघे आणि तिच्यामागे मी पिशवी घेऊन निघे. सकाळी अकराला मला दुकानात एका लोखंडी खुर्चीवर बसवलं जाई. भिंतीवर माझ्या कानाच्या उंचीची पेन्सिलची खूण होती; पाठीला पोक यायला लागलं तेव्हा ती साडूंनी न बोलता अर्धा इंच खाली घेतली. मी डोळे मिटायचे. कट्. "एक उना का दोन?" पत्रिका आत. कट्. "आते?" पत्रिका बाहेर. कट्. मला पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच सुपारी ऐकू येई. पहिल्या वेळी मी खरं सांगायचा प्रयत्नही केला होता, की मला काही फरक कळत नाही. त्यावर साडूंनी इतक्या हळू आवाजात दोघा भावांची गोष्ट पुन्हा काढली, की मी ठरवलं, पुन्हा हा मार्ग नको. तेव्हापासून मी तोंड गंभीर करून "अजून दोन येतात", "जवळ आलंय", "अं, जरा मागे" असं म्हणत राही, आणि काही वेळाने "हो. आता एकच" म्हणून टाकी. साडूंचा स्वतःचा कान काही वेगळं सांगत असला तरी ते माझ्या शब्दापुढे जात नसत. लगेच स्क्रू पिळत. कायमचे. वर सरस.

अशा अकरा जोड्या झाल्या. एक जोडी फैजपूरला केळीच्या एका बागायतदारांकडे गेली. लेक सासरी कशी आहे ते बघायला बाप जातो तसे साडू वर्षभराने ती बघायला गेले, आणि वाटेत जळगावला मला बरोबर घेतलं. घरातल्यांनी डबे फार प्रेमाने ठेवले होते. पायरीवर, बरोबर ट्विटरच्या तोंडाशी, दोन्हीकडे एकेक पितळी हत्ती. एकाच्या शेजारी उदबत्तीचं घर, दुसऱ्याच्या शेजारी आजोबांचा चष्मा. बागायतदार कौतुकाने म्हणाले, "डोकं भारी लढवलं भाऊ तुम्ही. वस्तू ठेवायला जागा करून दिली." साडूंनी दोन्ही हत्ती हळूच उचलून टेबलावर ठेवले. घरातल्या आजींनी चहा देता देता ते परत जागेवर ठेवले. साडूंनी पुन्हा काही हात लावला नाही. परतीच्या बसमध्ये भुसावळपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "हत्ती भरीव व्हतात." मला हसू आलं आणि ते मी खोकल्यात घातलं. आज तो खोकला आठवला की बरं वाटत नाही.

आणि पाचवी जोडी बोदवडला गेली, आमच्या गावच्या विहारात. ती मी मागितली होती. आईला ऐकायला कमी येऊ लागलं होतं. पौर्णिमेला विहारात वंदना झाली की बाहेरगावचे कुणी ना कुणी बोलायला येत, आणि आई शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून, कानामागे हात धरून बसे. विहारात एक जुना कर्णा होता, त्यातून नुसता गदारोळ येई. मी साडूंना म्हणालो, आईला शब्द कळतील असं काही करा. त्या जोडीवर साडूंनी पाच महिने काढले. आवाजाचा अर्थ व्यंजनांत असतो, असं ते म्हणत. स्वर मोठा येतो म्हणून ऐकू आल्यासारखं वाटतं, पण त, थ, प, क हे बारीक आवाजाबरोबर येतात, आणि ते जाड आवाजाशी फुटून आले की म्हाताऱ्या माणसाच्या हातात नुसता गलका पडतो. तपासणीच्या दिवशी त्यांनी मला नेहमीपेक्षा लवकर बसवलं. थंडीचे दिवस होते. आत अक्कांनी वांगी भाजायला घेतली होती, त्यांचा वास दुकानापर्यंत येत होता, कळण्याच्या भाकरी थापल्याचा आवाजही येत होता. मी म्हणालो, "हो. आता एकच." ती जोडी विहारात लागल्यावर पहिल्या पौर्णिमेला मी आईला विचारलं, आता कळतं का? आई म्हणाली, "मोठा येतो आता आवाज. छान आहे." पुढची सहा-सात वर्षं ती कानामागे हात धरून तशीच बसत राहिली. मग ती गेली.

साडूंचा कान कधी गेला ते कुणालाच कळलं नाही. ज्या माणसाने घरात कधी कुणाच्या बोलण्याला उत्तर दिलं नाही, त्याला ऐकू येत नाही हे कळणार कसं? अक्का हाक मारत, ते बघत नसत. हे तीस वर्षं चाललं होतं, तेच पुढे चालू राहिलं. मला कळलं ते दुकानात. बाराव्या जोडीचं काम होतं. मी खुर्चीवर बसलो, डोळे मिटले, आणि ऐकतो तर 'कट्' नाहीच. नुसता 'ढप्'. पोत्यावर बुक्की मारावी तसा. इतका फरक की मलासुद्धा कळला. डोळे उघडून पाहिलं तर ट्विटरची वायर निसटून खाली लोंबत होती. आणि साडू मान किंचित तिरकी करून, डोळे मिटून, समाधानाने ऐकत होते. "आते पाहा," ते म्हणाले, "जवळ उना का नही?"

मी बोट दाखवलं. त्यांनी वायरीकडे पाहिलं. मग त्यांनी ती जागेवर लावली, पुन्हा आवाज लावला आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही. ट्विटर असला काय नि नसला काय, त्यांना दोन्ही सारखंच. "साडूभाऊ," ते म्हणाले, "मना कानमाईन बारीक आवाज गया. दीड वरीस व्हयनं." डॉक्टरांकडे जाऊन आले होते, कुणाला न सांगता. कानात घालायचं मशीन आणलंही होतं. ते स्क्रूच्या डबीत पडलं होतं. मशीन का वापरत नाही म्हणून विचारलं तर म्हणाले, त्यातून आवाज वळसा घालून येतो. अक्काचं तोंड आधी हालतं, आवाज मागून येतो. तसली अक्का त्यांना नको होती. हे मी घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती आधी खूप हसली आणि मग तिने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

गेल्या हिवाळ्यात धुळ्याहून टेम्पो आला. त्यात ही बारावी जोडी, एक लग्नपत्रिकांचा गठ्ठा, कागदाच्या पुडीत आठ स्क्रू आणि एक जाड वही. साडू ड्रायव्हरच्या शेजारी बसून आले होते. आम्हाला वाटलं कुणा गिऱ्हाइकाची जोडी आहे, रावेरकडे वगैरे जायची असेल. साडूंनी ती आमच्या बैठकीत मांडली, माझी आरामखुर्ची ओढून समोर ठेवली, मेजपट्टीने अंतर घेतलं आणि म्हणाले, "ही तुमनी." मी म्हणालो, मला कशाला? ऐकूनही न ऐकल्यासारखं करून, की खरंच ऐकू न आल्यामुळे, ते पुढे बोलत राहिले. आता आपल्याकडून व्हायचं नाही. ही शेवटची. ट्विटर अजून सुटे ठेवले आहेत. "तुम्ही बसा, ऐका, अन् जठे एकच येस तठे स्क्रू मारा. घाई नका करू. मनं काम समजस असा माणूस बठ्ठा खान्देशमा एकच शे." चहा अर्धा टाकून ते त्याच टेम्पोने परत गेले. बायको मला म्हणाली, "तुम्हाला कळतं का हो खरंच काही?" मी तिलाही हो म्हणालो.

वही मी त्याच दुपारी उघडली. प्रत्येक जोडीला एक पान. "जोडी पाचवी. बोदवड, विहार. सतरा पत्रिका. साडूभाऊ हो म्हणाले. वेळ एक पस्तीस. हवा थंड, कोरडी." "जोडी सातवी. फैजपूर. तेवीस पत्रिका. साडूभाऊ हो म्हणाले. वेळ एक पंचवीस. हवा फार गरम." हवेचं ते कायम टिपत, कारण तापलेल्या हवेत आवाज पळतो आणि थंडीत रेंगाळतो. मी पानं उलटत गेलो. एक वीस. एक चाळीस. दीड. एक पस्तीस. जोडी आठवीला मात्र तीन पन्नास, आणि खाली लाल शाईत: "अपवाद. कारण समजत नाही." मला कारण समजलं. त्या दिवशी अक्कांकडचा गॅस संपला होता आणि जेवण चारला झालं होतं.

शेवटच्या पानावर वर 'निष्कर्ष' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. "इतक्या वर्षांच्या अनुभवावरून असे दिसते की, ऋतू कोणताही असो, दुपारी दीडच्या सुमारास येथील हवा काही काळ स्थिर होते व त्या वेळी आवाज जुळतो. मला स्वतःला तेव्हा दोन ऐकू येत, पण साडूभाऊंचा कान अधिक तयार आहे. हे खान्देशाबाहेर तपासून पाहावयास हवे."

पहिल्यांदा मी हसलो. अगदी मोठ्याने, एकटाच. मग हसू आपोआप थांबलं. दीडची हवा म्हणजे माझी भूक होती. या माणसाने आपल्या कानाला खोटं पाडून माझ्या भुकेवर अकरा जोड्यांचे स्क्रू पिळले होते, वर सरस लावला होता, आणि त्यातून एक शास्त्र काढलं होतं. मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती. मी कुणाला फसवलं नाही, दुखवलंही नाही, उलट त्याचं मन राखलं, असं मी वीस-बावीस वर्षं समजत आलो होतो. सासुरवाडीत आपण सगळेच असं वागतो. भाजी छान झाली म्हणतो, फोटो छान आलाय म्हणतो. पण भाजी संध्याकाळी संपते. बोदवडच्या विहारात ती जोडी अजून भिंतीवर आहे.

मग मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकायला बसलो. पोटभर जेवून बसलो, मुद्दाम. मोबाइल जोडला, सतरा पत्रिका सारल्या, म्हणजे आईच्या जोडीइतक्या, आणि साडूंकडून घेतलेली अक्कांची सुपारी लावली. पहिल्या दिवशी काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी केव्हातरी, पत्रिका कमी-जास्त करता करता, कडेला काहीतरी फुटल्यासारखं वाटलं. एकदा ते कळल्यावर मग ते जाईना. कटत्. कटत्. सतरावर ते स्वच्छ ऐकू येत होतं. आवाज एक नव्हताच. दोन भाऊ दोन वेळांना दारात येत होते आणि मी सगळ्यांना सांगून बसलो होतो की ते सोबत आले. यंत्राचा दोष नसेलही. आईचं वयच तसं होतं, तिचे कानच गेले होते, हे सगळं मी स्वतःला सांगून पाहिलं. शेवटी मोबाइल बंद केला आणि भिंतीला टेकून बसून राहिलो.

मी खरं सांगायचं ठरवून बायकोबरोबर धुळ्याला गेलो. साडू दुकानात होते, म्हणून आधी अक्कांना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "आते सांगीसन काय करशात? फैजपूरले जाईसन डबा उघाडशात?" त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. "त्यास्नाजोडे आते तितलंच शे," त्या म्हणाल्या. "साडूभाऊ हो म्हनेल व्हतात." मग त्यांनी मला पाट दिला.

जेवणं झाल्यावर साडू माझ्यासमोर येऊन बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, कारण आता ते ओठ बघून बोलणं ओळखत. "मारा का स्क्रू?" त्यांनी विचारलं. भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजत आला होता. मी मान हलवली. "नाही," मी म्हणालो, आणि त्यांना कळावं म्हणून पुन्हा मोठ्याने, "नाही भाऊ. जुळत नाही अजून. दोन येतात."

वीस-बावीस वर्षांत खरंच ऐकून मी त्यांना प्रथमच नाही म्हणालो होतो. मला वाटलं त्यांचा चेहरा उतरेल. तो उतरला नाही. ते जरा पुढे झुकले, डोळे बारीक केले, आणि मला आधी कधी विचारले नव्हते असे प्रश्न विचारू लागले. कुठल्या बाजूला फुटतो? आधी की नंतर? किती पत्रिकांना बरा वाटतो? मी सांगत गेलो, जे खरंच ऐकलं होतं ते. अठ्ठावीसला जरा जवळ येतो. तीसला पुन्हा फुटतो. एकोणतीसला उजवा बरा, डावा नाही. ते प्रत्येक उत्तराला मान हलवत होते, आणि त्यांच्या तोंडावर असा आनंद होता की माझ्याच्याने बघवेना. इतकी वर्षं या माणसाला बोलायला कुणी मिळालं नव्हतं. मी समोर बसलेलो असूनही.

तेव्हा मी धीर केला. म्हणालो, "भाऊ, त्या आधीच्या जोड्या..." ओठ नीट हलले नसावेत. पण त्यांना तेवढं कळलं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "त्या बठ्ठ्या बरोबर शेत," ते म्हणाले. "तुम्ही सांगेल व्हतं ना." आणि पुढे, "बोदवडले तुमनी मायले ऐकू येत व्हतं. मी भलता खूश व्हतू तवय."

जे सांगायला गेलो होतो ते तसंच घेऊन परत आलो, आणि ते आता माझ्याजवळच राहणार हेही मला त्या वेळी कळलं.

उंबऱ्यात अक्का सुपारीचं तबक घेऊन बसल्या. साडूंची त्यांच्याकडे पाठ नव्हती. हल्ली ते मुद्दाम तिकडे तोंड करून बसतात. त्यांनी अक्कांच्या हाताकडे नजर लावली. अडकित्त्याचं पातं वर गेलं, सुपारीवर टेकलं, खाली आलं. साडूंच्या पापण्या नेमक्या त्या क्षणी मिटल्या आणि उघडल्या. मग ते माझ्याकडे वळले.

"एक उना का दोन?"

आत मोरीत माझी बायको भांडी घासत होती, नळ चालू होता. तरी मी नीट ऐकलं होतं.

"एकच," मी म्हणालो.